वेष आणि भाव

आषाढीच्या वाटेवर माउलींची पालखी पुण्यात भवानी पेठेत आणि तुकोबारायांची नाना पेठेत विसावते. तेथून जवळच, गुरुवार पेठेत, पंचहौदाच्या ख्रिस्तमंदिराचा उंच मनोरा दिसतो. तो पाहून एखादा माळकरी हटकून विचारतो, “बुवा, ही मंडळीसुद्धा अभंग म्हणतात, टाळ वाजवतात, कीर्तन करतात. हे प्रेम म्हणायचं की आमिष?”

प्रश्न गंभीर आहे. शास्त्राच्या रीतीने आधी पूर्वपक्ष पाहू.

पूर्वपक्षी म्हणतो, हे आमिषच. फादर स्टीफन्स हा इंग्रज जेसुइट १५७९ साली गोव्यास आला. मराठी शिकून त्याने ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचले, ते १६१६ साली छापले गेले. त्यात मराठी भाषेची मुक्तकंठाने स्तुती आहे. पण त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचा वरवंटा फिरत होता, आणि १६८४ साली पोर्तुगीज सरकारने देशी भाषा टाकण्याचा हुकूम काढला. गरज होती तेव्हा भाषा गोड, गरज सरली तेव्हा तीच भाषा अपराधी! मग संशय येईल नाही तर काय?

हा पूर्वपक्ष लटका नाही. जे घडले ते घडले. पण एवढ्यावरून ‘जो जो आपला वेष घेतो तो तो कपटी’ असा सिद्धांत निघत नाही. त्यात व्यभिचार दोष येतो; म्हणजे काय, की हेतू एके ठिकाणी लागू पडतो आणि दुसरीकडे फसतो.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे उदाहरण घ्या. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या वाणीच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. अभंग लिहिले, कीर्तने केली. इथवर पूर्वपक्षी म्हणेल, मिशनचा पगार होता ना? बरं, पुढे ऐका. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती धरली, ‘देवाचा दरबार’ मांडला. १९१९ साली देह ठेवला. पगार सुटला, अभंग सुटला नाही.

आता परीक्षा कशी करावी ती कळते. गळ टाकणारा काठावर कोरडा उभा असतो. दोरी त्याच्या हातात असते, काटा दुसऱ्याच्या घशात. प्रेम करणारा स्वतः पाण्यात उतरतो. म्हणून विचारावे, घेतलेल्या वेषाने घेणारा स्वतः बांधला गेला का? त्याची काही झीज झाली का? झाली असेल तर तो भाव. नसेल तर सोंग. मग मत पटो वा न पटो. टिळकांचे मत आपल्याला मान्य नाही, पण त्यांना सोंगाडे म्हणणे अन्याय होईल.

अलीकडचेही पाहा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६२ ते १९६५ या काळात ती भरली होती, लॅटिनच्या जागी लोकांच्या बोलीत उपासना सर्वत्र सुरू झाली. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा विरोधही झाला. विरोध करणाऱ्यांनी त्यांचा झगा पाहिला. पण वसईची हिरवाई राखण्यासाठी ते रस्त्यावर उतरले होते, तेही पाहायला नको काय?

आणि मंडळी, हीच फूटपट्टी आपल्या अंगाला लावून पाहा बरं का. कीर्तनाचा मोबदला घेऊ नये, हा तुकोबारायांचा दंडक. आज बुवांचा फोटो फलकावर मोठा, विठोबा कोपऱ्यात लहान. बिदागी आधी ठरते, अभंग नंतर. गळ्यात माळ आहे, कपाळी बुक्का आहे, पण त्या माळेने आपण बांधले गेलो आहोत का? शेजारच्याच्या हातातला आपला टाळ खरा की खोटा, याचा निवाडा करण्यापूर्वी आपल्या हातातला कसा वाजतो ते ऐकावे.

वेष कोणालाही घेता येतो. भावाची किंमत मात्र ज्याची त्याने मोजायची असते.