तानपुरा कुठे गेला?

काशीत दुर्गाघाटाच्या आसपास पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी घरं आहेत. अशाच एका घरातली मुलगी पुण्याच्या बाईंकडे व्हिडिओ कॉलवर गाणं शिकायची. तिच्या कानात बिनतारी हेडसेट असे आणि शेजारी आजोबा मिरजेचा तानपुरा छेडत बसत.

एके दिवशी बाई म्हणाल्या, "तानपुरा का थांबवलात?" आजोबांची बोटं तर तारांवर चालूच होती. मुलीलाही बाईंचा आवाज कोंदट येत होता. "हेडसेट बिघडला," ती म्हणाली. वडिलांनी नवा आणला. तक्रार तीच.

वडील आणखी महागाचा आणायला निघाले, तेव्हा आजोबांनी अडवलं. "तानपुरा उतरला म्हणून चारही खुंट्या एकदम पिळतात का? एकेक तार लावायची, ऐकायची. दोष कुठे आहे ते कळल्याशिवाय पैसा घालू नये, आणि ठपकाही ठेवू नये."

मग मुलीने एका वेळी एकच गोष्ट बदलायची असं ठरवलं. जुन्या हेडसेटवर फोनमधलं गाणं लावलं, तर ते स्वच्छ ऐकू आलं. कॉल लावताच आवाज पुन्हा कोंदला. नेहमीच्या ब्लूटूथवर हेडसेटचा माइक सुरू झाला की जोडणी बोलण्याच्या पद्धतीवर जाते. गाणं ऐकताना आवाजाचे सेकंदाला साधारण 44,100 नमुने असतात, कॉलमध्ये 8,000 किंवा 16,000. बोलणं समजायला तेवढे पुरतात, गाणं शिकायला नाही. तिने वायरचा हेडफोन लावला आणि बाईंचा आवाज भरून आला. तानपुरा मात्र त्यांना अजूनही ऐकू जाईना.

म्हणजे दोष दोन होते. दुसरा कॉलच्या ॲपमध्ये सापडला. गोंगाट गाळणारी सोय पंख्याची, कूलरची घरघर पुसून टाकते, कारण ती अखंड आणि एकसारखी असते. तानपुऱ्याचा नादही अखंडच! ज्या गुणासाठी गाणारा त्याच्या आधाराला बसतो, त्याच गुणापायी यंत्राने त्याला कचरा ठरवलं, हे मनाला फार लागतं. सेटिंगमध्ये मूळ आवाज जसाच्या तसा पाठवायची सोय होती. मुलीने ती सुरू केली.

नवा हेडसेट दुकानात परत गेला. जुना फोनवर बोलायला आणि गाणी ऐकायला राहिला.

त्या संध्याकाळी बाईंना तानपुरा ऐकू गेला, आणि मुलीचा निषाद किंचित उतरतो आहे हेही. पुढचा सगळा तास त्यांनी निषादावरच घेतला.