विझलेल्या दिव्याचा उजेड

गिरणी बंद पडून बरीच वर्षे झाली होती, तरी आमचे अब्बा पहिल्या पाळीच्या वेळेला उठून तयार होत. लालबागच्या चाळीत सगळे हसत. ‘चाचा, भोंगा कधीच बंद झाला!’ अब्बा म्हणत, ‘माझ्या कानात अजून वाजतो.’ हसणाऱ्यांत मीही होतो.

त्या बोलण्याचा अर्थ मला फार उशिरा, तोही आकाशाकडून कळला. २००७ साली हॅनी व्हॅन आर्केल या डच शिक्षिकेला दीर्घिकांची छायाचित्रे पाहताना आयसी २४९७ या दीर्घिकेशेजारी एक चमकणारा ढग दिसला. अंतर सुमारे ६५ कोटी प्रकाशवर्षे. ढग म्हणजे मुख्यतः वायूच. मग तो उजळला कशाने? दीर्घिकेच्या मध्यभागी महाकाय कृष्णविवर आहे. त्यात कोसळणारा वायू तापून एके काळी प्रचंड तेजाने झळकत होता. ते तेज साधारण दोन लाख वर्षांच्या आत मंदावले. पण आधीच निघालेला प्रकाश हजारो वर्षे वाट चालत ढगापर्यंत पोहोचत राहिला आणि त्यातला ऑक्सिजन हिरवट चमकू लागला. दीर्घिकेतून वायूचा झोतही बाहेर पडला होता. तो ढगावर जिथे आदळला असावा, तिथे हबल दुर्बिणीला नवे तारे जन्मताना दिसले.

म्हणजे केंद्र मंदावले तरी त्याची करणी संपली नव्हती. दूरचा वायू अजून उजळत होता, कुठे नवे घडतही होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुढे एकेक धुरांडे थंडावले. पण गिरणीने लावलेली शिस्त अब्बांच्या अंगात राहिली. तिच्याच पगारावर मी शिकलो. आणि जी घरे उद्ध्वस्त झाली, त्यांच्यापर्यंत तो धक्का पुढच्या पिढीतही पोहोचत राहिला.

कृष्णविवराला जाब विचारता येत नाही. त्याला ना नियत, ना पश्चात्ताप. माणसाचे तसे नाही. मालक असो, पुढारी असो की घरातला कर्ता, ‘आमचा कारभार आता संपला’ एवढे म्हणून तो सुटत नाही. ज्यांना आपण उजळले आणि ज्यांना ढकलले, त्यांच्यापर्यंत आपले कर्म आपण थांबल्यावरही जात असते.

आणि जो त्या उजेडात उभा आहे, त्याने निदान तो आला कुठून, हे विसरू नये. अब्बांना हसताना मी नेमके तेच विसरलो होतो.