काट्यावरचा अपरिग्रह

पिकअपची बॉडी हलकी करून घेणारा माणूस स्वतः हलकं व्हायला आलेला नसतो. माझी बोलेरो पिकअप कळंबोलीच्या लोखंड बाजारातून सळया, अँगल, पत्रे उचलते आणि उरण, पेण, खोपोलीपर्यंत पोचवते, म्हणून हे खात्रीने सांगतो. आमच्यात किलोला पैसे. आर.सी. बुकावर भरल्या गाडीचं कमाल वजन छापलेलं असतं. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उरेल तेवढा माल भरायचा. गाडी जितकी रोडावेल तितकी कमाई बाळसं धरेल, असा सगळा हिशेब.

मिस्त्रीकडे गेलं की तो आधी हौद्यात वाकून तळाचा पत्रा ठोकून बघतो. नऊ बाय साडेपाच फुटांचा, ३ मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा १०८ किलोच्या आसपास भरतो. तेवढाच अॅल्युमिनियमचा घातला तर ३७. लोखंड घनमीटरला ७,८५० किलो, अॅल्युमिनियम २,७००, त्यामुळे फरक पडणारच. पण मिस्त्री हुशार असेल तर लगेच म्हणतो, "शेठ, सळईचं टोक आपटलं की तीनचा पत्रा फाटेल. चारचा घ्या." म्हणजे ५० किलो. तरीही अठ्ठावन्न वाचले. मग टपावरचं कॅरिअर, पुढचा गार्ड, फाळक्यांवर चढवलेली जाळी यांच्यावर ग्राइंडर फिरतो. (मूळ रचनेत बदल करायचा तर आर.टी.ओ.ची मंजुरी लागते, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. ते बहुतेकांना दंड भरताना पाठ होतं.) आणि एवढं सगळं उतरवून झालं की मालक हळूच विचारतो, "मागे एक पाटा वाढवून टाकू का?" कमानीत जादा पाटा कशासाठी, हे मिस्त्री विचारत नाही. वाचवलेल्या अठ्ठावन्न किलोंच्या जागी दोनशे चढणार, हे दोघांनाही ठाऊक असतं.

माळकरी घरात वाढल्यामुळे मला इथे एक प्रश्न छळतो. अधिक भरता यावं म्हणून जे टाकलं, त्याला त्याग म्हणायचं का?

प्रश्न एकट्या पिकअपचा नाही. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ साली कोळशावर पुस्तक लिहून दाखवून दिलं होतं, की वाफेची इंजिनं कमी कोळशात जास्त काम करू लागली तसा देशाचा कोळसा कमी न खपता जास्त खपू लागला. माणसाचंही तेच होतं. उपास धरला की साबुदाण्याची खिचडी दुप्पट. घर आवरलं की मोकळ्या झालेल्या कपाटाकडे बघून बाजाराची यादी सुचते.

यावरचा जुना उतारा अपरिग्रह, म्हणजे साठवून न ठेवणं; पतंजलीच्या यमांत तो शेवटचा. आमच्या शेजारच्या तालुक्यात, पेणच्या गागोद्यात १८९५ साली जन्मलेल्या विनोबांनी तो जन्मभर पाळला. पण विनोबा आपल्याला परवडत नाहीत. मला जास्त उपयोगी पडलं ते बाजारातल्या एका जैन व्यापाऱ्याने सांगितलेलं श्रावकाचं व्रत, परिग्रह-परिमाण. मुनीने सगळंच सोडायचं. संसारी माणसाने जमीन, सोनं, धान्य, जनावरं यांची आपापली कमाल मर्यादा आधी ठरवायची आणि ती ओलांडायची नाही. मला यात आवडलं ते हे, की व्रत बेरजेवर आहे. काय काढलं याला इथे मोल नाही, एकूण काटा कुठे थांबला ते बघायचं. आर.सी. बुकावरचा आकडाही बेरजेचाच असतो, फक्त तो दुसऱ्याने ठरवलेला, आणि मोडला तर २०,००० रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला २,०००. व्रताचा आकडा ज्याचा त्याने टाकायचा. बाहेरून कुणी विचारायला येत नाही म्हणूनच तो अवघड.

त्याच व्यापाऱ्याने पुढे उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राचा दाखला दिला. तिथे वस्तू बाळगण्यापेक्षा वस्तूवरच्या मूर्च्छेला, म्हणजे आसक्तीला, परिग्रह म्हटलं आहे. गीताही आतल्या त्यागाकडेच बोट दाखवते. विचार म्हणून हा मोठाच. मुनीच्या हातातली मोरपिसांची साधी पिंछीसुद्धा 'माझी' म्हणून घट्ट धरली तर ओझं होते, हे खरं. पण गृहस्थाच्या हाती ही व्याख्या द्यायला मी कचरतो. 'मन गुंतलेलं नाही' असं म्हणत तीन मजले बांधणारे आपल्याकडे कमी नाहीत. बोरघाट उतरताना ब्रेक तापल्याचा वास केबिनमध्ये येतो तेव्हा घाट मालकाची आसक्ती विचारत नाही. आधी किलो उतरवा, मन मागून येईल तेव्हा येईल, असं माझं मत.

आषाढीला माझ्या गाडीतून लोखंड उतरतं आणि दिंडीचं सामान चढतं. राहुट्या, पातेली, तांदळाची पोती, वळकट्या. वारकरी दिवेघाट चढतो तो खांद्यावर पताका आणि गळ्यात टाळ घेऊन. त्याचा संसार माझ्या हौद्यात दोरीने आवळलेला पुढच्या मुक्कामी चाललेला असतो. कुणी याला ढोंग म्हणेल, मी म्हणत नाही. मुनीच्या गोचरीसाठी, म्हणजे भिक्षेसाठी, कुणाची तरी चूल पेटलेली असतेच. पण एकाचं हलकेपण दुसऱ्याच्या चासीवर येतं, एवढं लक्षात ठेवायला हवं.

म्हणून आमच्या दिंडीत निघण्याआधी वळकट्या तोलायचं ठरलं. माणशी १० किलो. एका काकींची १४ भरली, आत लोणच्याची बरणी. मी म्हटलं, "काकी, बरणी ठेवावी लागेल." त्यांनी गाडीखाली वाकून पाहिलं.

"ती स्टेपनी किती किलोची रे?"

"असेल पंचवीस-एक."

"पंचवीस किलो पंढरपुराला नेतोस नि तशीच परत आणतोस. माझं लोणचं पंगतीत रोज खातात."

स्टेपनी काढता येत नाही; पंक्चर गाडी वाटेत उभी राहिली तर रात्री शेकडो माणसं उपाशी झोपतील. हे मी सांगितलं, त्यांना ते पटलंही, पण बरणी काही त्या सोडेनात. शेवटी दिंडीचालकांनी बरणी सामायिक शिध्यात धरली. काकींची वळकटी नियमात बसली, आणि गाडीवरचा एक ग्रॅमही कमी झाला नाही.