नमुना कुणाचा, हे विसरू नकोस

चि. भाचीस,


बी.एस्सी. झाल्यावर जीनोमिक्स शिकायचं आणि पुढे एखाद्या विद्यापीठाचं सिक्वेन्सिंग केंद्र सांभाळायचं, हे तुझं स्वप्न वाचून फार आनंद झाला. अशा केंद्राच्या प्रमुखाला नेमकं काय करावं लागतं, असं तू विचारलंस. माझी सगळी नोकरी त्याच कामात गेली, म्हणून मोकळेपणाने लिहिते.

बराचसा दिवस दुसऱ्यांच्या प्रश्नांसाठी द्यावा लागतो. कुणी माती आणतं, कुणी रुग्णाच्या गाठीचा तुकडा, कुणी खाडीतला मासा. नमुन्यातला डीएनए तुटलेला असेल, तर महागड्या यंत्राचाही उपयोग नाही. म्हणून आधी विचारायचं: नमुना कधी घेतला, थंड ठेवला का, ताडून पाहायला निरोगी नमुना आहे का? आणि यातून उत्तर निघणार नसेल, तर पैसे भरण्याआधीच तसं सांगायचं.

एक उदाहरण देते. 2005 मध्ये खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखालच्या प्रयोगात हैदराबादहून बलून सोडून 20 ते 41 किलोमीटर उंचीवरची हवा गोळा केली होती. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत एस. शिवाजी यांनी आणि पुण्याच्या एनसीसीएस या संस्थेत योगेश शौचे यांनी ती स्वतंत्रपणे तपासली. जनुकक्रमावरून जिवाणूंच्या तीन नव्या प्रजाती ओळखल्या गेल्या. 2009 मध्ये हे जाहीर करतानाही, हे जिवाणू पृथ्वीबाहेरून आल्याचं सिद्ध झालेलं नाही, असं स्पष्ट सांगितलं गेलं. पुराव्यापुढे एक पाऊलही न टाकण्याचा हा संयम तुला शिकायचा आहे.

त्याची किंमत आपल्या जिल्ह्याला माहीत आहे. जून 2021 मध्ये राज्यात कोरोनाच्या डेल्टा प्लस प्रकाराचे 21 रुग्ण जाहीर झाले, त्यांतले 9 रत्नागिरीचे. डेल्टा आणि डेल्टा प्लस यांच्यातला ठळक फरक म्हणजे विषाणूच्या काटेरी प्रथिनातला, 417व्या जागेवरचा बदल. एवढ्याशा बदलाच्या बातमीने गावंच्या गावं धास्तावली होती. अहवालावर सही करताना त्यामागची घरं डोळ्यांपुढे हवीत.

आता हापूसचं बघ. त्याचा जीनोम 2020 मध्ये चिनी संशोधकांनी प्रसिद्ध केला: 20 गुणसूत्रं, डीएनएची सुमारे 39 कोटी अक्षरं. हातांना उततो त्या चिकाशी संबंध असलेल्या जनुकांचाही त्यांनी मागोवा घेतला. पण साक्याचा, म्हणजे फळाचा गर आतून खराब होण्याचा प्रश्न आपल्या बागायतदाराचा आहे. त्यासाठी एकाच बागेतली, एकाच वेळी उतरवलेली साका धरलेली आणि निरोगी फळं घेऊन दोन्हींत कोणती जनुकं जागी आहेत, ते पाहावं लागेल. नीलम आणि हापूसच्या संकरातून वेंगुर्ल्यात तयार झालेली, 1981 ची ‘रत्ना’ जात साक्यापासून मुक्त आहे. तिच्याशीही तुलना करता येईल. असा प्रश्न बागेत वावरलेल्या माणसालाच सुचतो.

म्हणून एम.एस्सी.आधीच्या सुट्टीत दापोलीच्या कृषी विद्यापीठात कुणा संशोधकाच्या हाताखाली नमुने घ्यायला शीक. संख्याशास्त्र आणि प्रोग्रामिंग यांचा कंटाळा करू नकोस. यंत्र अक्षरं देतं, अर्थ आपल्यालाच लावावा लागतो. यंत्रं पाच-सात वर्षांत जुनी होतात, अनुदानातून नवी घेता येतात. लोकांचा विश्वास मात्र एकेका खऱ्या अहवालानेच मिळतो. उद्या तुझ्या केंद्रात बागायतदार आंबा घेऊन आला, तर निकाल त्याला समोर बसवून, त्याला कळेल अशा मराठीत सांग. त्याला तो समजला, की काम पुरं झालं असं मान.

तुझी,
मावशी