विसावा कोणाचा?

बेळगाव-निपाणीकडील आपली काही कुटुंबे सुट्टीत गोव्याऐवजी आता दुबईला जातात. वाळवंट, निळा समुद्र, किनाऱ्यावरचे हॉटेल यांची ओढ वाटणे हे पाप नव्हे. थकलेल्या शिष्यांना प्रभूनेच अरण्यात एकांती विसावा घ्यावयास बोलाविले होते (मार्क ६:३१).

परंतु ऊन सर्वांना सारखे नसते. निपाणीच्या तंबाखूच्या शेतात राबणाऱ्यांना ऊन म्हणजे काय, हे आपण जाणतो. दुबईचे पाम जुमेरा बेट २००१ पासून समुद्रातील वाळू उपसून रचले गेले. तेथे पिण्याचे पाणीदेखील समुद्राचे खारेपण काढून मिळवितात. हे सारे पोटासाठी परदेशांतून आलेल्या मजुरांनी उभे केले, आणि त्यांत आपले देशबांधव पुष्कळ आहेत. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी १२॥ ते ३ उघड्यावर काम करविण्यास तेथे कायद्याने मनाई आहे. ज्या उन्हासाठी आपण पैसे मोजतो, त्याच उन्हापासून दुसऱ्याला वाचविण्यास कायदा लागतो!

मग जाऊ नये काय? तसे आम्ही म्हणत नाही. आपण घरी बसल्याने मजुराला सावली मिळत नाही. पण शब्बाथाची आज्ञा देताना देवाने धन्याबरोबर दासदासींनाही विसावा सांगितला (अनुवाद ५:१४). आपल्या सुट्टीची कसोटी तीच. घराला कुलूप लावून आपण आठ दिवस जातो, तेव्हा मोलकरणीचे तेवढे दिवस पगारी धरतो, की खाडे म्हणून कापतो? शब्बाथशाळेत मुलांना आज्ञा पाठ करून घेण्यापूर्वी याचे उत्तर आपण घरी देऊ या.