आग विझल्यानंतर

गावात एखाद्याचे घर पेटले म्हणजे पहिल्या दिवशी सारा गाव धावतो. कोणी घागर आणितो, कोणी शेजारच्या छपरावरील गवत ओढून काढितो, कोणी गोठ्यातील गुरांची दावी कापितो. दुसऱ्या दिवशी मात्र पारावर निराळाच उद्योग सुरू होतो. एक म्हणतो, "तिने चुलीतले निखारे नीट विझविले नसतील." दुसरा म्हणतो, "त्याच्या हातून काही पाप घडले असेल." तिसरा सुस्कारा टाकून म्हणतो, "देवाची मर्जी!" आणि तिसऱ्या दिवशी, ज्याचे घर जळाले तो आपल्या राखेत एकटाच काही उकरीत बसलेला दिसतो. आग विझविणे हे धैर्याचे काम खरे. पण ती विझल्यानंतर काय बोलावे व काय करावे, हा प्रश्न अधिक कठीण आहे. त्याचा विचार आज आम्ही एका दूरच्या शहरातील मोठ्या आगीच्या आधारे करणार आहो.

लंडन शहराच्या पश्चिम भागात ग्रेनफेल टॉवर नावाची २४ मजल्यांची इमारत होती. ती १९७४ साली बांधून पुरी झाली. तीत बहुतेक मोलमजुरी करणारी, नाना देशांतून आलेली, नाना धर्मांची कुटुंबे राहत असत. खाली उतरावयास जिना एकच होता. १४ जून २०१७ च्या मध्यरात्री एक वाजण्याच्या सुमारास चौथ्या मजल्यावरील एका घरातील शीतकपाटाने पेट घेतला. अशी आग एका खोलीत लागावी व तेथेच विझावी, हा नेहमीचा क्रम. पण वर्षभरापूर्वी इमारतीच्या दुरुस्तीत तिच्या बाहेरील भिंतींवर नवे आवरण चढविले होते. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांच्या मध्ये पॉलिइथिलीन नावाचे प्लॅस्टिक, अशी त्या आवरणाची घडण होती. जस्ताच्या पत्र्यापेक्षा ते स्वस्त पडत होते. खिडकीतून बाहेर पडलेली ज्वाळा त्या प्लॅस्टिकास लागली, आणि अर्ध्या तासाच्या आत ती शेंड्यापर्यंत जाऊन पोहोचली.

रहिवाशांस सांगून ठेविले होते की, दुसऱ्याच्या घरात आग लागली तर आपण आपल्याच घरात दार लावून थांबावे. सिमेंटच्या इमारतीत ही सूचना एरवी योग्यच असते, कारण भिंती आगीस अडवून धरितात. परंतु भिंतीच्या बाहेरचे आवरणच पेटल्यावर ती सूचना प्राणघातक ठरली, आणि ती मागे घेण्यास रात्रीचे पावणेतीन वाजले. ७२ माणसे मेली. त्यांत १८ मुले होती.

आता दोष कोणाचा? पहिला संशय कोणावर गेला असेल, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. ज्याच्या घरात आग सुरू झाली त्याच्याकडे लोकांनी बोट दाखविले. पण त्या मनुष्याने तर जागे होताच आग विझविणाऱ्यांस कळविले होते व शेजाऱ्यांची दारे ठोठावून त्यांस उठविले होते. पुढे न्यायमूर्ती सर मार्टिन मूर-बिक यांच्या अध्यक्षतेखाली जी चौकशी झाली, तिने २०१९ च्या अहवालात तो निर्दोष असल्याचे स्पष्ट सांगितले. तोवर दोन वर्षे त्या बापड्याने हा आळ वाहिला. जीभ सैल सोडणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. बुरूज कोसळून जी अठरा माणसे दडपली, ती इतरांहून अधिक पापी होती काय, हा जुना प्रश्न आणि त्याचे उत्तर आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. संकट आले यावरून संकटग्रस्ताचे पाप सिद्ध होत नाही.

मग "देवाची मर्जी" असे म्हणावे काय? दुःखात बुडालेली माता आपल्या मनाच्या समाधानाकरिता असे म्हणेल, तर तिचा तो हक्क आहे, व आम्ही तिच्यासमोर माथा लववू. परंतु तेच वाक्य दुसऱ्या कोणी तिच्यापुढे उच्चारिले, तर ते कोणाच्या उपयोगी पडते हे पाहिले पाहिजे. ते पडते अपराध्याच्या! सप्टेंबर २०२४ मध्ये चौकशीचा शेवटचा अहवाल निघाला. ह्या ७२ मृत्यूंपैकी एकही अटळ नव्हता, असे त्यावरून दिसून आले. माल तयार करणाऱ्यांनी आपल्या मालाच्या कसोट्यांविषयी लबाडी केली. सरकारने वर्षानुवर्षे इशाऱ्यांकडे काणाडोळा केला. ज्यांनी आवरण निवडिले व बसविले, त्यांनी एकमेकांवर भार टाकून स्वतः काही तपासिले नाही. रहिवाशांनी तर आगीच्या सात महिने आधी धोक्याचा इशारा लिहून प्रसिद्ध केला होता. गरिबाची तक्रार म्हणून ती तशीच पडून राहिली. माणसांच्या हातांनी रचलेली चिता देवाच्या नावावर खपविणे, ह्यास आम्ही श्रद्धा म्हणत नाही.

येथे दुसरा प्रश्न उभा राहतो. अपराधी माणसेच असतील, तर जे वाचले त्यांनी रागवावे की क्षमा करावी? कित्येक सज्जन लोक घाईने उपदेश करितात, "झाले गेले विसरा, क्षमा करा." आम्हांस असे वाटते की, ज्याचे काही जळाले नाही त्याने दुसऱ्याच्या वतीने क्षमा मागू नये आणि देऊही नये. ज्याचे लेकरू गेले, क्षमेचा अधिकार त्याचा. शिवाय ज्याने अपराध अजून कबूलच केला नाही, त्यास क्षमा ती कशाची करावयाची? २०२४ चा तो अहवाल निघाला तेव्हा आगीस सात वर्षे लोटली होती. तरी त्या आगीस कारण झाल्याबद्दल कोणावरही खटला उभा राहिला नव्हता. अशा स्थितीत न्याय मागणे हा सूड नव्हे. सत्याचा आग्रह व सूडाची तहान ह्या दोन निराळ्या वस्तू आहेत.

ह्या दोहोंतील भेद तेथील लोकांनी आपल्या आचरणाने दाखवून दिला. आगीनंतर दर महिन्याच्या १४ तारखेस ते इमारतीच्या आसपासच्या रस्त्यांवरून एकत्र चालत. घोषणा नाही, वाद्य नाही, दगड नाही. हजारो माणसे, अंगावर हिरव्या रंगाची खूण, आणि पूर्ण मौन. वाटेत आग विझविणारे जवान दुतर्फा उभे राहत, तेव्हा चालणारे लोक थांबून त्यांचे हात हाती घेत. अशा मौनात राग असू शकतो. पण तो लगाम घातलेला राग असतो. प्रीती नसती तर तो रागही नसता.

आता शेजाऱ्यांच्या कर्तव्याविषयी. त्या रात्री जवळच्या ख्रिस्ती मंदिरांनी व मुसलमान बांधवांच्या मशिदीने आपली दारे उघडिली. कपड्यांचे व अन्नाचे ढीग पडले. ही उदारता वंदनीय होय. तथापि पहिल्या आठवड्यात कपडे देणारे पुष्कळ असतात. पहिल्या वर्षानंतर दार ठोठावणारे थोडे. वर्ष उलटून गेले तरी कित्येक कुटुंबे तात्पुरत्या निवाऱ्यातच होती. मुले रात्री दचकून उठत. जळलेला सांगाडा खिडकीतून रोज दिसे. तेथील आरोग्यखात्याने मनाच्या जखमांकरिता स्वतंत्र व्यवस्था केली आणि तिचे सेवक घरोघर गेले. कारण ज्यास अधिक दुखते तो पुष्कळदा आपण होऊन मदत मागावयास येत नाही. चौकशीचा आरंभही साक्षीपुराव्याने झाला नाही. मे २०१८ मध्ये प्रथम मेलेल्यांच्या आप्तांनी एकामागून एक उभे राहून, आपले माणूस कसे होते, ते सांगितले. आधी नाव, मग हिशेब.

आणि दुःख सर्वांचे एकसारखे नसते, हेही तेथे दिसले. फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारने तो सांगाडा उतरविण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा काहींस हायसे वाटले. काही म्हणाले की, न्याय होईपर्यंत तो साक्षीदार उभा राहू द्या. ह्यांपैकी चूक कोण? आम्ही म्हणतो, कोणीही नाही. एकाच आगीतून निघालेल्या दोघांपैकी एकास ती जागा पाहवत नाही व दुसऱ्यास ती सोडवत नाही. उपदेश करणाऱ्याने दोघांचेही ऐकून घ्यावे.

आमच्या मंडळ्यांतील वडीलजनांस व उपदेशकांस आम्ही एवढेच सुचवितो. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले, तोवर ते उत्तम मित्र होते. तोंड उघडून ते त्याचा दोष शोधू लागले, तेव्हा सारे बिघडले. जळलेल्या घरी जाल तेव्हा कारण सांगू नका, त्याच्याजवळ बसा. काय हवे ते विचारा. आपणांस नको झालेले ते नेऊन टाकू नका. महिना झाला की पुन्हा जा, वर्ष झाले की पुन्हा जा. मेलेल्याचे नाव घेण्यास भिऊ नका. आणि गावात कोणी म्हणाले की, शाळेची वीजतार उघडी पडली आहे किंवा वसतिगृहाचे मागले दार कुलूपबंद आहे, तर तो कितीही गरीब असला तरी त्याचे त्याच दिवशी ऐका. जे घर अजून जळाले नाही, त्याचेही आपण शेजारी आहो.