वाकायचं किती?

आमचं अमडापूर बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखली तालुक्यात. बल्लाळदेवीच्या टेकडीवर उभं राहिलं की खाली सोयाबीन, तूर, कपाशी. समुद्र बघायचा तर रात्रभराचा प्रवास. त्यामुळे मी गोव्यात नेमकं काय काम करतो, हे आबांना समजवायला मला दोन दिवाळ्या लागल्या.

मी सर्फबोर्डच्या फिन्स बनवतो. सर्फबोर्ड म्हणजे लाटेवर उभं राहून घसरत जायची फळी. तिच्या खालच्या बाजूला, शेपटाकडे, माशाच्या परासारखं एक पातं असतं. ते नसलं तर वळताना फळी आडवी घसरते आणि माणूस पाण्यात. १९३५ साली टॉम ब्लेक नावाच्या अमेरिकन माणसाने हवाईत एका टाकून दिलेल्या स्पीडबोटीची पट्टी आपल्या फळीला लावली, तिथून हे सुरू झालं. पुढे बरीच वर्षं हे पातं ताठच असायचं. १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या जॉर्ज ग्रीनोने ट्यूना माशाच्या शेपटीवरून वेगळी फिन घडवली. बुडाशी रुंद आणि जाड, टोकाकडे अरुंद आणि पातळ. वळताना टोक वाकतं आणि वळण संपताना सरळ होत फळीला पुढे ढकलतं. १९६६ साली सॅन दिएगोला नॅट यंग जागतिक स्पर्धा जिंकला, तेव्हा त्याच्या बोर्डला ग्रीनोच्या धाटणीची फिन होती.

म्हणजे आमचा धंदा वाकण्याचा आहे. पण कुठे, किती आणि परत येणार की नाही, हे ठरवून वाकण्याचा.

ते असं ठरतं. फायबरग्लासच्या कापडाचे थर रेझिनमध्ये भिजवून एकावर एक बसवायचे. वाळून त्याची जाड पाटी झाली की आकार कापायचा आणि ग्राइंडरवर घासत टोकाकडे पातळ करत न्यायचं. घासताना एकेक थर उघडा पडतो आणि नकाशावरच्या उंचीच्या रेषांसारख्या रेषा दिसू लागतात. रेषा वेड्यावाकड्या आल्या, तर हात कुठेतरी जास्त चालला. कापडाचे धागे बुडापासून टोकाकडे उभे ठेवले तर पातं ताठ राहतं, तिरके ठेवले तर जास्त वाकतं. आणि जाडीशी खेळ करायचा नसतो. जाडी निम्मी केली तर ताठपणा निम्मा होत नाही, आठवा हिस्सा उरतो.

शेवटी तपासणी. फिनचं बूड शिकंज्यात आवळायचं, टोकाला वजन टांगायचं, किती वाकली ते मोजायचं. मग वजन काढायचं. खरी परीक्षा इथे असते. फिन मूळ जागी परत आली पाहिजे. वाकते तर स्वस्तातली प्लॅस्टिकची पट्टीही.

दोन वर्षांपूर्वी, भर पावसाळ्यात, एका सर्फिंग शिकवणाऱ्यांची चाळीस फिन्सची ऑर्डर होती. हवा दमट, रेझिनमध्ये हार्डनर कमी पडलेलं. तपासणीत काही फिन्स पूर्ण परत येईनात. दोन-तीन मिलिमीटर कमी. मी मालकांना दाखवलं. ते म्हणाले, "शिकाऊ पोरांसाठीच आहेत ना? जरा अॅडजस्ट कर."

हा शब्द आपल्याकडे संस्कार म्हणून शिकवला जातो. रेल्वेच्या बाकावर चौथ्या माणसाला जागा देताना अॅडजस्ट. नव्या सुनेला अॅडजस्ट. ऑफिसात रात्री अकराला आलेल्या मेसेजला अॅडजस्ट. जो करतो तो समजूतदार, जो करत नाही तो ताठ. मी समजूतदार होतो. तपासणीच्या कागदावर सही केली.

दीड महिन्यात फिन्स परत आल्या. निम्म्यांची टोकं उन्हात एका बाजूला कललेली. मालकांनी विचारलं, घासल्या कोणी? घासल्या होत्या आमच्या हेल्परने, एकोणीस वर्षांच्या पोराने. त्याचे अर्ध्या महिन्याचे पैसे कापले गेले. दोष रेझिनचा होता हे मला माहीत होतं. सही माझी होती. मी तिथेच उभा होतो आणि काही बोललो नाही. त्या महिन्यात गावाकडे बहिणीच्या फीचे पैसे पाठवायचे होते, हे खरं. पण हे कारण मी नंतर शोधलं. त्या क्षणी मी फक्त वाकलो.

दिवाळीत घरी आलो तेव्हा आबा माळ्यावरची अडगळ काढत होते. त्यात एक जुना बांबू निघाला. कावडीचा. १९७२च्या दुष्काळात याच कावडीने आबांनी लांबच्या विहिरीवरून पाणी वाहिलं. मी खांद्यावर घेऊन बघितला. अजून लवत होता.

बांबूही फायबरग्लासच्याच जातीचा. आत धागे, त्यांना धरून ठेवणारा गर आणि बाहेरच्या सालीकडे धाग्यांची दाटी जास्त. मी आबांना हे उत्साहाने सांगितलं. ते म्हणाले, "ते मले नाई समजत. पण कडक लाकूड घेतलं तं दर पावलाले खांद्यावर दणका बसते. बांबू लवते, तं दणका कमी लागते." मग जरा थांबून म्हणाले, "वझं मात्र आपल्याच खांद्यावर राह्यते, बापू."

आबा कावडीबद्दलच बोलत होते. त्यांना फिन्सची भानगड माहीतही नव्हती. पण मला रात्री झोप लागली नाही.

तुकोबांचा लव्हाळ्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो आणि त्यातून नम्रता शिकतो. पण लव्हाळं तगतं ते नुसतं वाकतं म्हणून नाही. त्याची मुळं तळाला घट्ट असतात आणि पूर ओसरला की ते पुन्हा उभं राहतं. शिवाय पुराचा मार ते स्वतः सोसतं, शेजारच्या रोपावर ढकलत नाही. 'अॅडजस्ट कर' म्हणणारे यातलं फक्त वाकणं उचलतात.

मी वाकलो तेव्हा माझं बूड शिकंज्यात नव्हतं. काय झालं तरी सोडायचं नाही असं मी काही ठरवलेलंच नव्हतं. नंतर सरळही झालो नाही. आणि वजन तर माझ्यावर आलंच नाही, ते त्या पोरावर गेलं. माझ्याच तपासणीत मी नापास झालो असतो.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. सगळ्यांना सारखे थर मिळत नाहीत. घरची शेती, शिक्षण, बँकेत सहा महिन्यांची सोय हे थर असतात. ज्याच्याकडे ते आहेत त्याला ताठ राहणं सोपं जातं. त्या पोराकडे एकही थर नव्हता आणि सगळ्यात जास्त वाकायला त्यालाच लावलं. माझ्याकडे थोडे होते. म्हणून माझी चूक मोठी.

सुट्टी संपायच्या आत मालकांना फोन केला. रेझिन कच्चं होतं, सही माझी होती, पैसे माझ्या पगारातून कापा. ते म्हणाले, "आता कशाला उकरून काढतोस?" दोनदा सांगितलं, तेव्हा कापले. नोकरी गेली नाही. इतकं सोपं होतं, याचीच जास्त लाज वाटली.

पोरगा तोवर काम सोडून गेला होता. नंबर मिळवून पैसे पाठवले, सोबत दोन ओळी लिहिल्या. मेसेजवर निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. ते यावं असं मला वाटतं, पण ते देणं त्याच्यावर लागू होत नाही.

कावडीचा बांबू मी गोव्याला घेऊन आलो. शिकंज्याच्या वर, भिंतीला टांगलाय.